लिकटेनस्टाइनसारख्या चिमुकल्या देशाने हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदके कशी मिळवली?

लिकटेनस्टाइनचे क्षेत्रफळ जेमतेम १६० चौरस किलोमीटर आहे, तरीही २०१८ पर्यंत या देशाने हिवाळी ऑलिंपिकमध्ये १० पदके मिळवली आणि ती सगळीच्या सगळी आल्पाइन स्कीइंगमधली, म्हणजे बर्फाळ डोंगरउतारावरून स्कीवर वेगाने खाली येण्याच्या शर्यतींमधली आहेत. माझ्या मते याचे मूळ भूगोलात आहे, कारण देशातल्याच मालबुन गावाचे बर्फाळ उतार घराजवळच आहेत आणि शेजारचे ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या खेळातले मातब्बर देश आहेत. १९८० साली अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हान्नी वेन्झेल हिने स्लालम व जायंट स्लालम (खांबांमधून वळणे घेत उतरण्याच्या शर्यती) यांत सुवर्ण आणि डाउनहिलमध्ये (अतिवेगाने उतरण्याची शर्यत) रौप्यपदक जिंकले, शिवाय तिचा भाऊ आंद्रेआस यानेही रौप्यपदक पटकावले. एकाच घरातली ही कामगिरी खरोखर थक्क करणारी आहे. २०१८ साली दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये सुपर-जी या स्की शर्यतीचे कांस्यपदक मिळवणारी टीना वायराथर ही हान्नीचीच मुलगी.