आज्जीचं डुकराचं मटण आणि माझा जुना डाएट चार्ट

प्रश्न : मॅडम, मी २२ वर्षांचा आहे. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे पळतो, संध्याकाळी गोळाफेक. वजन ६२ किलो. जिममध्ये प्रोटीन पावडरचा डबा घे म्हणून मागं लागलेत, पण तेवढे पैसे नाहीत. आमच्या घरी रविवारी आज्जी डुकराचं मटण करते. मित्र म्हणतात, ती नुसती चरबी असते, त्यानं अंग जड होतं. खरं सांगायचं तर मी जिममध्ये 'मटण खाल्लं' एवढंच बोलतो, कशाचं ते सांगत नाही. कमी चरबीचं डुकराचं मटण खरंच पौष्टिक असतं का?
– भरतीचा उमेदवार, सोलापूर

उत्तर : तुला अरे-तुरे करते, माझा नातू तुझ्याहून चारच वर्षांनी लहान आहे.

आधी माझं एक जुनं देणं फेडते. दवाखान्यात रुग्णांना आहार सांगायच्या नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे एक सायक्लोस्टाइल केलेला डाएट चार्ट होता. मांसाहाराच्या रकान्यात अंडी, मासे, कोंबडी, बोकडाचं मटण. एकदा खाणीवर दगड फोडणारी एक बाई नवऱ्याच्या ऑपरेशननंतर माझ्यासमोर बसली होती. तिनं कागद मुलाकडून वाचून घेतला आणि विचारलं, "बाई, आमच्यात खातात ते ह्यात कुठं हाय?" मी म्हटलं, कोणतं? ती हळूच म्हणाली, "डुक्कर." मी कागदावरून नजरही न उचलता सांगून टाकलं, ते नको, फार चरबी असते. मी शाकाहारी घरातली. जे ऐकत आले तेच तिला ऐकवलं. रात्री घरी जाऊन पोषणाचे तक्ते काढले आणि झोप उडाली.

तक्त्यात काय होतं ते आता तुला सांगते. डुकराच्या कण्यालगत आतल्या बाजूनं एक लांबट, मऊ पट्टा असतो. त्याची वरची चरबी काढून भाजलं, तर १०० ग्रॅममध्ये साधारण १४५ कॅलरी, २६ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम साडेतीन ग्रॅम चरबी. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात चरबी एवढीच असते, प्रथिनं थोडी जास्त. कोलेस्टेरॉल ७५ मिलिग्रॅमच्या आत. अमेरिकेत १०० ग्रॅम मांसात ५ ग्रॅमपेक्षा कमी चरबी असेल तरच त्यावर 'एक्स्ट्रा लीन', म्हणजे अगदी कमी चरबीचं, असं लिहिता येतं, संपृक्त चरबी आणि कोलेस्टेरॉलच्या अटी वेगळ्या. हा पट्टा त्या सगळ्यांत बसतो.

तुझे मित्र मात्र अगदीच खोटं बोलत नाहीत. त्याच जनावराच्या पोटाकडचं मांस घे. कच्च्या १०० ग्रॅममध्ये पन्नास ग्रॅमच्या वर चरबी, पाचशेच्या वर कॅलरी आणि प्रथिनं फक्त नऊ-दहा ग्रॅम. एकाच डुकराच्या दोन भागांत एवढी तफावत! आपल्याकडे गोची ही, की दुकानात भाग वेगळे करून देत नाहीत. कातडी, चरबी, हाड, मांस सगळं एकत्र तोडून पिशवीत. म्हणून रविवारी आज्जीला पाठवू नकोस, तू स्वतः लवकर जा. पाठीचं नाहीतर मागच्या मांडीचं मांस माग, कातडी आणि चरबी काढून. दुकानदार कुरकुरेल, थोडे जास्त पैसे घेईल. द्यायचे.

आता ज्यासाठी मला त्या रात्री झोप लागली नाही ते. बी-१, म्हणजे थायमिन. आपण भाकरी खातो, भात खातो, त्यातल्या पिष्टाचं शरीराला वापरता येईल अशा ऊर्जेत रूपांतर व्हायला हे जीवनसत्त्व लागतं. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण सव्वा ते दीड मिलिग्रॅम. त्या मऊ पट्ट्याच्या १०० ग्रॅममध्ये ते ०.९ मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. कोंबडीत किंवा बोकडात त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं. नेहमीच्या खाण्यातल्या मांसांत बी-१ च्या बाबतीत डुकराच्या जवळपास कुणी येत नाही. दारूनं खंगलेला माणूस वॉर्डात आला की डॉक्टर आधी बी-१ चं इंजेक्शन देतात, आणि त्याच बी-१ नं भरलेलं मांस मी माझ्या कागदावरून खोडून टाकलं होतं! (म्हणून दारूबरोबर डुक्कर खाल्लं की हिशेब फिटला, असा अर्थ कुणी काढू नये. दारू बी-१ अंगी लागू देत नाही.) बी-६, झिंक आणि सेलेनियमही यात चांगलं असतं. लोह मात्र बेताचंच, १०० ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमच्या आसपास. तिथं बोकड पुढं. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर डुकराच्या भरवशावर राहू नका.

बी-१ जास्त खाल्लं म्हणून तू १६०० मीटर लवकर पळशील असं नाही हं. गरजेपुरतं लागतं, उरलेलं लघवीवाटे जातं.

बी-१ पाण्यात विरघळतं, म्हणून शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, रस्सा खायचाच. मग रश्शावरच्या तवंगाचं काय? रस्सा निववून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेव. चरबी वर पांढरी साय होऊन गोठते. चमच्यानं काढून टाक. चरबी गेली, बी-१ खाली रश्शात राहिलं. सोलापूरच्या एप्रिलात ओट्यावर ठेवून ती गोठायची वाट बघशील तर रात्र होईल, फ्रिजच लागेल. फोडणीला तेल चमचाभरच. त्या खाणीवरच्या बाईनंच नंतर मला सांगितलं होतं, "तेल कशाला घालायचं, त्याचं त्यालाच सुटतंय की." फक्त पाठीचं मांस घेतलंस तर तेवढं सुटणार नाही आणि चिवट व्हायची भीती असते. आदल्या रात्री दही, आलं-लसूण लावून ठेवायला सांग आज्जीला.

सोबत ज्वारीची भाकरी. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा प्रथिनाचा एक जरुरी घटक कमी पडतो, मांसात तो भरपूर असतो. दोन्ही एका ताटात आली की भाकरीतलं प्रथिन जास्त सत्कारणी लागतं. तुझी आज्जी हे तक्ता न बघता करत आली आहे.

किती खायचं? तुझ्या वजनाला साध्या माणसाच्या हिशेबानं दिवसाला ५१-५२ ग्रॅम प्रथिनं लागतात. तू घाम गाळतोस, म्हणून ७५ ते ९० धर. शिजलेलं १०० ग्रॅम मांस त्यातला तिसरा हिस्सा देतं. उरलेलं अंडी, डाळ, दूध, मूठभर शेंगदाणे यांतून सहज निघतं. डब्याची गरज नाही. पण रोज डुक्करही नको. आठवड्यातून दोनदा पुरे. दिसायला फिकट असलं तरी ते लाल मांसातच मोडतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांसाला 'कर्करोगाला बहुधा कारणीभूत' या गटात टाकलंय. सॉसेज, सलामी, बेकन हे तर त्याहून वरच्या, पक्क्या पुराव्याच्या गटात. ते सोडूनच दे.

जिममध्ये काय सांगायचं ते तू ठरव. २६ ग्रॅमचा आकडा पाठ करून जा म्हणजे झालं.

प्रश्न : डुकराचं मटण खाल्लं की मेंदूत अळी जाते आणि फिट येते, असं मुलगी शाळेतून ऐकून आली. आमच्याकडे खातात. बंद करावं का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ऐकलेलं अर्धं बरोबर आहे. डुकराच्या मांसात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके फोड असतील आणि ते कच्चं राहिलं, तर पोटात पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा लांब जंत होतो. मेंदूतल्या गाठी मात्र त्या कृमीच्या अंड्यांनी होतात, आणि अंडी येतात पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेले हात, दूषित पाणी, नीट न धुतलेली कच्ची भाजी. आयुष्यात मांस न शिवलेल्या माणसालाही हे होतं, मी असे रुग्ण पाहिलेत. तेव्हा मटण बंद करायची गरज नाही. फोड दिसले तर घेऊ नका, कुकरमध्ये आतपर्यंत शिजवा, अर्धवट भाजलेलं खाऊ नका. कच्चं मटण कापलेल्या विळीवर तशीच काकडी चिरू नका. आणि कोथिंबीर, मुळा, मेथी तीन पाण्यांनी धुवा, मटण नसलेल्या दिवशीसुद्धा.