मिशिगनमध्ये जखमी हरणाचा माग काढायला घरचा कुत्रा नेता येतो का?

तुमच्या सहकाऱ्याचा बाण हरणाला लागलाय, हरीण झाडीत दिसेनासं झालंय आणि तो तुम्हाला बीगल घेऊन बोलावतोय. जायला हरकत नाही, पण कुत्रा पहिल्यापासून शेवटपर्यंत दोरीला बांधलेला हवा. मिशिगनमध्ये कुत्रे सोडून हरणाची शिकार करायला बंदी आहे. मेलेलं किंवा जीवघेणी जखम झालेलं हरीण शोधण्यापुरतीच ही सूट आहे.

तुमच्या बाबतीत अडचण बीगलचीच आहे. माग काढताना भुंकणारा कुत्रा सरकारी जमिनीवर वापरता येत नाही, असा तिथला स्पष्ट नियम आहे. आणि वास लागला की बीगल गळा काढतोच, ते त्याच्या रक्तात आहे. त्यामुळे आधी जागा कुठली ते विचारा. ॲलेगन स्टेट गेम एरियासारखं सरकारी रान असेल, तर त्याला नेऊ नका. खासगी शेत असेल तर हरीण ज्या-ज्या जमिनीत शिरलं असेल, त्या प्रत्येक मालकाला विचारूनच आत जा. कुंपणापलीकडे रक्ताचे थेंब दिसले म्हणून आपोआप परवानगी मिळत नाही.

रात्री जाणार असाल तर हातातली किंवा डोक्याला बांधायची बॅटरी चालते. बंदूक, धनुष्य सोबत नेण्याच्या अटी मात्र कडक आहेत. त्या राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या यंदाच्या नियमपुस्तिकेत वाचा आणि सहकाऱ्यालाही वाचायला लावा.

मी माझ्या डॅक्सहुंडबरोबर हे काम करतो, म्हणून कळकळीनं सांगतो: घाई करू नका. बाण सापडला असेल तर नीट बघा. गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर बाण फुप्फुसात लागलाय, हरीण बहुधा जवळच पडलेलं असतं. हिरवट घाण आणि पोटातल्या चाऱ्याचा आंबूस वास असेल तर सात-आठ तास तरी थांबा. असं हरीण जवळच्या झुडपात बसतं. मागे लागलात तर ते उठतं, लांब जातं आणि त्या जिवाचे हाल वाढतात. दोरीचं महत्त्व मला इथंच सगळ्यात जास्त वाटतं: मोकळा कुत्रा त्याला उठवून थेट हायवेवर काढू शकतो.

तोवर रक्ताच्या वाटेवर कुणालाही फिरू देऊ नका. कुत्रा फक्त रक्त हुंगत नाही, खुरांमधल्या ग्रंथींचा वासही धरतो, आणि चार माणसांच्या बुटांनी तोच वास सगळीकडे पसरतो. दोरी साधारण तीस फुटांची घ्या. रोज फिरायला नेता ती आखूड दोरी झुडपात कामाची नाही.

स्वीडनमध्ये हरणाच्या शिकारीला निघतानाच अशी सोय करावी लागते, की गरज पडल्यास गोळी झाडल्यापासून दोन तासांत शिकवलेला कुत्रा जागेवर पोहोचेल. मिशिगनमध्ये शिकाऱ्यावर तशी सक्ती नाही. असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

तुमचा बीगल यासाठी शिकवलेला नसेल, तर युनायटेड ब्लड ट्रॅकर्सच्या संकेतस्थळावर राज्यवार माग काढणाऱ्यांची यादी आहे. सहकाऱ्याला आत्ताच त्यातल्या जवळच्या माणसाला फोन करायला सांगा.