परागकण आणि शेअरचे भाव

प्रश्न : माझी मुलगी सैद्धांतिक भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे, पण सध्या ती अर्थशास्त्रातच रमलेली असते. या दोन विषयांचा काही संबंध आहे का? – एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : संबंध जुना आणि खोल आहे, तिला अडवू नका. तलावपाळीच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यातील अतिसूक्ष्म कण अखंड थरथरताना दिसतात. १८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी परागकणांतील सूक्ष्म कणांच्या बाबतीत हेच पाहिले आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी त्याचे गणित मांडले. परंतु त्याच्या पाच वर्षे आधी, १९०० मध्ये, फ्रेंच गणितज्ञ लुई बाशलिए यांनी पॅरिसमधील आपल्या प्रबंधात रोख्यांच्या भावांसाठी जवळजवळ तेच गणित वापरले होते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. या गणितानुसार काळ चौपट झाला, की कणाचे सरासरी भटकणे दुप्पट होते, चौपट नव्हे. ब्लॅक आणि शोल्स या अर्थतज्ज्ञांचे ऑप्शनच्या (म्हणजे शेअर पुढे ठरलेल्या भावाने घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काच्या) किमतीचे १९७३ मधील समीकरणही त्यातील चल राशी बदलून मांडल्यास उष्णतेच्या प्रसाराचेच समीकरण ठरते.

मात्र साम्य इथे संपते. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेतील डाऊ जोन्स हा शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात सुमारे २२.६ टक्के कोसळला, आणि अशी घसरण या सरळ गणितात जवळपास अशक्य आहे, कारण कण एकमेकांना पाहून घाबरत नाहीत, माणसे घाबरतात. या त्रुटीविषयी तिला अवश्य विचारा. ती तासभर उत्साहाने बोलेल.