बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

प्रश्न : काका, माझी १५० सीसीची गाडी २०१८ची आहे. नवी बॅटरी टाकून चारच महिने झालेत, तरी सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक वाजतं. किकवर चालू होते. दुकानदार म्हणतो, बॅटरी पुन्हा बदला. काय करू?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : इतक्यात पैसे घालू नका. आधी टर्मिनल घट्ट आहेत का ते बघा, पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर पुसून काढा. मग साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) बॅटरीच्या टर्मिनलना लावा. सकाळी किल्ली लावण्याआधी १२.६ व्होल्ट किंवा वर दाखवलं तर बॅटरी भरलेली. १२च्या खाली असेल तर बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्या. आता गाडी चालू करा, रेस चार-पाच हजार आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) धरा. साधारण १३.८ ते १४.५ आलं पाहिजे. साडेबाराच्या आसपासच अडलं तर चार्जिंग पोचत नाही. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, तो नवी बॅटरीही उकळून मारेल.

चार्जिंग पोचत नसेल तर कॉइल (इंजिनातली वीज बनवणारी तारेची गुंडाळी) भरायला लगेच इंजिन उघडू देऊ नका. मॅग्नेटकडून (त्या कॉइलकडून) आरआर युनिटकडे, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरकडे (वरचा रेग्युलेटर यातच असतो), जाणारा कप्लर (वायरी जोडणारा प्लग) आधी सोडवून बघा. मी तरी तिथूनच सुरुवात करतो. आतली पिन काळी पडलेली, प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, असं दिसलं की निम्मं काम झालं. त्यात तीन पिवळ्या वायरी असतील तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन-दोन वायरींत मोजा. तिन्ही जोड्यांत सारखं रीडिंग येऊन रेसबरोबर चढत असेल आणि इंजिन बंद केल्यावर एकही वायर बॉडीशी कंटिन्युइटी (थेट जोड) दाखवत नसेल, तर कॉइल ठीक. मग संशय आरआर युनिटवर.

तुमच्या गाडीचा हेडलाइट दिवसाही पेटता असतो. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींना तो नियमच आहे. त्यात गावातल्या गावात फिरणं आणि दर थांब्याला सेल्फ, म्हणजे बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. तुमचं फिरणं असंच असेल तर किकच मारत जा.

आणि चौदाच्या वर रीडिंग येऊनही सकाळी बॅटरी बसत असेल, तर मोबाइल चार्जर किंवा जीपीएस थेट बॅटरीवर जोडलंय का ते बघा. ते सोडून एक रात्र गाडी ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा.