डर्बीच्या दिवशी पहिल्यांदाच महालक्ष्मी रेसकोर्सला जातोय. विन, प्लेस, क्विनेला, जॅकपॉट... यातलं काय खेळावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मालवणचे, फेब्रुवारीत मित्रांबरोबर इंडियन डर्बी ही घोड्यांची शर्यत बघायला मुंबईला जाणार, माणशी हजारेक रुपये खेळायची तयारी आहे आणि मित्रांचं म्हणणं 'लावायचे तर जॅकपॉटलाच'. मी अलिबागकडचा, सीझन सुरू झाला की मांडव्याहून बोट पकडून रेसकोर्सला जाणारा. मित्रांचं ऐकू नका. निदान सगळा हजार तिथे घालू नका.

बहुतेक लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात. गेल्या आठवड्यात कुठल्या प्रकाराला मोठा डिव्हिडंड (जिंकलेल्या तिकिटावर मिळणारे पैसे) लागला ते पाहतात, मग त्या प्रकारात बसवायला घोडे शोधतात. शर्यतीबद्दल आपल्याला नेमकं काय वाटतंय ते आधी ठरवायचं, प्रकार त्यातूनच निघतो. एकच घोडा बाकीच्यांपेक्षा सरस वाटतो? विन, म्हणजे तो पहिलाच यायला हवा. घोडा भरवशाचा आहे, पण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये कोणीतरी त्याला मागे टाकतंच? प्लेस, म्हणजे पहिल्या काही नंबरांत आला तरी पुरे. दोन घोडे इतरांच्या वरचे आहेत, पण त्या दोघांत पुढे कोण ते सांगता येत नाही? क्विनेला, कारण त्यात पहिले दोन कुठल्याही क्रमाने आले तरी चालतात. क्रमही छातीठोक सांगता येत असेल तरच फोरकास्ट. टनालाला पहिले तीन, तेही बरोबर क्रमाने, लागतात.

एक प्रकार नवखे लोक बघतही नाहीत, तो म्हणजे एसएचपी, सेकंड हॉर्स पूल. तुमचा घोडा बरोबर दुसरा यायला हवा. पहिला आला तरी पैसे गेले. ऐकायला विचित्र वाटतं, पण एखाद्या फेव्हरिटवर, म्हणजे सगळ्यांच्या लाडक्या घोड्यावर, इतके पैसे लागलेले असतात की त्याच्यावर विन लावून हातात काहीच उरत नाही. अशा वेळी 'हा जिंकणार हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्यामागे कोण?' हा प्रश्न खेळण्यासारखा असतो. मला स्वतःला हा पूल आवडतो.

आता टोटचं, म्हणजे रेसकोर्सच्या अधिकृत खिडकीचं, गणित. टोटच्या खिडकीवर भाव (एका रुपयाला किती मिळणार) ठरलेला नसतो. एका प्रकारावर लागलेले सगळे पैसे एकत्र होतात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्या तिकिटांत वाटले जातात. तिकीट काढताना पडद्यावर दिसणारा आकडा शर्यत सुटेपर्यंत बदलत राहतो. रिंगमधल्या (रेसकोर्सवर बुकी बसतात त्या जागेतल्या) परवानाधारक बुकीकडे मात्र तुम्ही लावाल त्या क्षणीचा भाव पक्का. टोटवर पैसे असे वाटले जातात, म्हणून सगळ्यांचा लाडका घोडा तिथे प्लेसला लावणं बहुधा वाया: तो आला तरी मूळ पैशांवर चार-दोन रुपये सुटतात. प्लेस खेळायचा तर जास्त घोडे धावत असतील तिथे आणि मधल्या भावाच्या घोड्यावर. किती घोडे धावताना किती नंबरांपर्यंत प्लेस मिळतो ते रेसबुकात, म्हणजे शर्यतींच्या माहितीपुस्तिकेत, पाहून घ्या.

जॅकपॉटमध्ये पाच शर्यतींचे पाच विजेते ओळखायचे असतात. समजा प्रत्येक शर्यतीत तुमचा अंदाज दोनात एकदा खरा ठरतो. इतका पोचलेला माणूस मला तरी भेटलेला नाही, पण धरून चालू. तरीही पाचही लागण्याची शक्यता ३२ मध्ये १. यावर लोकांचा उपाय म्हणजे प्रत्येक शर्यतीत दोन-तीन घोडे धरायचे. पाचही शर्यतींत तीन-तीन घेतले तर २४३ कॉम्बिनेशन होतात; १० रुपयांचं एक धरलं तर २,४३० रुपये. दोन शर्यतींत एकेकच घोडा 'बँकर' म्हणून पक्का केला आणि उरलेल्या तिन्हींत तीन-तीन, तर २७, म्हणजे २७० रुपये. त्यामुळे जॅकपॉटचा खरा प्रश्न 'पाच विजेते कोण' हा नसून 'आज माझे दोन बँकर आहेत का' हा आहे. नसतील तर त्या दिवशी तिकीटच काढू नये. निकालात जॅकपॉटसमोर ७० टक्के आणि ३० टक्के असे दोन डिव्हिडंड दिसतील. दुसरा चारपर्यंत पोचलेल्यांचा. तो मिळाल्यावर माणूस जिंकल्यासारखा वागतो, पण तिकिटाचा खर्च निघाला का ते आधी पाहा.

जॅकपॉटच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी. पाच शर्यतींत पाच वेळा वेगवेगळे पैसे लावले तर कापाकापी पाच वेळा होते, इथे एकदाच. आणि कापाकापी आता जबर आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. प्रत्येक शर्यतीत 'थोडे तरी लावू' ही सवय आता कोणालाच परवडणारी नाही. दोन-तीन शर्यती निवडा, बाकीच्या पॅडॉकजवळ (शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे) उभं राहून बघा.

तुमच्याकडे कोणी गावातला माणूस 'फोनवर लाव, मी घेतो' म्हणत असेल तर तिकडे जाऊ नका. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, पण जुगाराच्या कायद्यातून सूट आहे ती परवाना असलेल्या रेसकोर्सवरच्या खेळाला. (आमच्या किनाऱ्यावरच्या घोडागाडीच्या शर्यतींना तर नुसतं ओरडायला जायचं.)

डर्बी २४०० मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांची. तिथे हॅंडिकॅप नसतो. एरवीच्या शर्यतींत चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवून सगळ्यांना एका पातळीवर आणतात, म्हणून तिथे विन ओळखणं अवघड आणि क्विनेलाचे डिव्हिडंड चांगले. डर्बीत सरस घोडा सरसच राहतो. फक्त इतकं लांब अंतर तो पूर्वी धावलाय का, नसल्यास शेवटी त्याचा दम टिकताना दिसलाय का, हे रेसबुकातल्या जुन्या शर्यतींवरून तपासा.

मी तुमच्या जागी असतो तर हजारातले पाचशे डर्बीत एका घोड्यावर विनला लावले असते. दोनशे रुपये एखाद्या मोठ्या हॅंडिकॅपमध्ये क्विनेलाला: चार घोडे धरले की सहा जोड्या होतात, १० रुपयांप्रमाणे ६०, म्हणजे तिप्पट घेऊनही वीस रुपये उरतात. तीनशे खिशात. मित्रांना जॅकपॉटशिवाय राहवत नसेल तर सगळ्यांनी मिळून एकच तिकीट काढा, बँकर कोण यावर ट्रेनमध्येच भांडून घ्या, आणि तिकीट कोणाच्या खिशात राहणार तेही दादरला उतरण्याआधी ठरवा.