'सिक्रिशन सिस्टीम'ला मराठीत काय म्हणावे?

ठाण्यातल्या एक शिक्षिका मुरबाड-शहापूरच्या भातशेतकऱ्यांसाठी पिकांच्या रोगांवरची पुस्तिका मराठीत आणत आहेत. त्यांचा प्रश्न असा: रोगकारक जिवाणूंच्या 'सिक्रिशन सिस्टीम'ला, म्हणजे प्रथिने पेशीबाहेर पाठवणाऱ्या रचनेला, 'उत्सर्जन संस्था' म्हणावे की 'स्त्राव प्रणाली'?

ताई, 'उत्सर्जन' नक्कीच नको. घाम, मूत्र, गाड्यांचा धूर अशा नकोशा गोष्टी बाहेर टाकणे म्हणजे उत्सर्जन. इथे जिवाणू टाकाऊ काही टाकत नाही, मुद्दाम घडवलेली प्रथिने कामगिरीवर पाठवतो. 'संस्था'ही पचनसंस्था, श्वसनसंस्था अशी अवयवांच्या समूहाला शोभते. एकपेशीय जिवाला 'यंत्रणा' बरी.

उरला 'स्राव'. तुम्ही 'स्त्राव' लिहिले आहे, पण त्यात 'त' नाही. मूळ धातू 'स्रु', म्हणजे वाहणे, पाझरणे. स्रोत, सहस्र, अजस्र यांतही 'त' नाही. 'स्त्री'मध्ये तो आहे, आणि त्याच सवयीने 'रक्तस्त्राव' छापून येतो. पुस्तिकेत एवढे जरूर सुधारा.

आता खरी अडचण. 'स्राव' म्हटले की डोळ्यांसमोर पाझरणे येते. या यंत्रणांचे प्रकार क्रमांकांनी ओळखतात, आणि काहींना ते चपखल लागू पडते. बटाटा किंवा कोबी सडवणारे जिवाणू प्रकार २ च्या यंत्रणेतून विकरे (एन्झाइम) बाहेर सोडतात, ती पेशीभित्तिका विरघळवतात आणि भाजीचा लगदा होतो. पण भाताच्या कडा करप्याचा जिवाणू, झॅन्थोमोनास ओरायझी, मुख्यतः प्रकार ३ वर अवलंबून असतो, आणि तिथे पाझरणे नाहीच. जिवाणूच्या दोन्ही पटलांतून आरपार गेलेली, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ रचना थेट भाताच्या पेशीत प्रथिने सोडते. या यंत्रणेची 'एचआरपी' जनुके निकामी केली तर जिवाणू जिवंत राहतो, पण रोग करू शकत नाही. १९८६ साली स्यूडोमोनास जिवाणूवरच्या अभ्यासात या जनुकांचा छडा लागला.

आत गेलेल्या प्रथिनांना 'इफेक्टर' म्हणतात. त्यांतली काही भाताच्या पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतात आणि 'स्वीट' नावाची जनुके चालू करतात. मग भाताची पेशी आपली साखर आपणच बाहेर सोडू लागते आणि जिवाणू तीवर पोसतात. शेतकऱ्याला दिसतात त्या पानाच्या पिवळ्या, नागमोडी कडा. मला तरी रोगशास्त्रातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. 'एक्सए १३' हे प्रतिकारक जनुक, म्हणजे 'स्वीट'चेच एक बदललेले रूप, इथेच आडवे येते: त्यात इफेक्टर चिकटण्याची जागाच बदललेली असते, म्हणून साखरेचे दार उघडत नाही. हैदराबादला विकसित झालेल्या 'सुधारित सांबा मसुरी' या भाताच्या वाणात हे जनुक आणखी दोन प्रतिकारक जनुकांसोबत आहे.

घोटाळा वाढवणारी आणखी एक गोष्ट. करप्याचे कोवळे पान कापून टोक स्वच्छ पाण्याच्या ग्लासात बुडवले की थोड्या वेळाने कापलेल्या कडेतून दुधाळ धार खाली उतरताना दिसते. शेतावर रोग ओळखायची ही साधी चाचणी. हाही 'जिवाणूंचा स्राव' म्हणून लिहिला जातो, पण त्या धारेत खुद्द जिवाणूच असतात, लाखोंनी. एकाच पुस्तिकेत दोन्ही ठिकाणी 'स्राव' आला तर वाचणाऱ्याला वाटेल, ती धार म्हणजेच जिवाणूंनी सोडलेली प्रथिने.

म्हणून माझी सूचना: सर्व प्रकारांना मिळून 'स्रवण यंत्रणा', प्रकार ३ चा उल्लेख असेल तिथे 'सुई यंत्रणा', आणि ग्लासातल्या धारेला 'जिवाणूंची धार'. 'इफेक्टर' तसाच ठेवा. 'प्रभावक' वाचून अर्थ लागत नाही, उलट 'प्रभावी'शी गल्लत होते. शेतकऱ्यांसाठीचे वाक्य मी असे करीन: 'करप्याचे जिवाणू सुईसारख्या नळीने भाताच्या पेशीत प्रथिने टोचतात, त्यामुळे पेशी आपली साखर बाहेर सोडते आणि त्या साखरेवर जिवाणू वाढतात.'