वाचकांचे प्रश्न : डोंगरातली ‘मोरा’

प्रश्न : कोस्टा रिकातील डोंगरांवर पिकणाऱ्या ‘मोरा’ या फळावर बरेच संशोधन झाल्याचे वाचनात आले. ‘मोरा’ म्हणजे तुतीच ना? आणि तिच्यातील अँटिऑक्सिडंटमुळे रोग बरे होतात, हे कितपत खरे?

उत्तर : तुतीचा घोळ होणे साहजिक आहे, कारण स्पॅनिश भाषेत ‘मोरा’ हा एकच शब्द तुतीलाही चालतो आणि ब्लॅकबेरीलाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्हींत मोठे अंतर आहे. तुती वड-फणसाच्या कुळातली असून तिचे एक फळ अनेक फुलांच्या गुच्छापासून बनते. ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळातली असून तिचे सगळे दाणे एकाच फुलातील अनेक किंजदलांपासून (फुलाच्या स्त्री-अवयवांपासून) तयार होतात. प्रत्येक दाणा म्हणजे स्वतःची आठळी असलेले इवलेसे फळच, आणि खाताना दातांत अडकते ती ही आठळी.

आपण उल्लेखिलेली कोस्टा रिकातील मोरा तुती नसून ब्लॅकबेरी आहे; ती जात म्हणजे रुबस ॲडेनोट्रायकोस. कोलंबिया व इक्वाडोरमध्ये प्रामुख्याने रुबस ग्लॉकस ही जात लावतात. तिला तिकडे ‘मोरा दे कास्तिया’ म्हणतात. नावात स्पेनमधला प्रदेश असला तरी झुडूप अस्सल अमेरिकी आहे. तिच्या काटेरी फांद्यांवर पांढुरका मेणचट थर असतो, अंगठा फिरवला की तो पुसला जाऊन खालचा मूळ रंग दिसतो. ‘ग्लॉकस’ हे विशेषण त्यावरूनच आले. थंड प्रदेशातील ब्लॅकबेरीला फुलण्यासाठी हिवाळ्याची गरज असते, पण विषुववृत्ताजवळच्या डोंगरांवर खरा हिवाळा नसल्याने तेथे एकाच झुडपावर फुले, कच्ची फळे आणि पिकलेली फळे एकत्र दिसतात व तोडणी वर्षभर चालते.

आता मूळ प्रश्न. कोस्टा रिका विद्यापीठ आणि फ्रान्सची ‘सिराड’ ही कृषी संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी या फळाचे रासायनिक पृथक्करण केले. त्यात दोन गट महत्त्वाचे ठरले : रंग देणारी अँथोसायनिने, त्यांतही मुख्यतः सायनिडिन-३-ग्लुकोसाइड, आणि तुरटपणा देणारी एलाजिटॅनिने, म्हणजे लॅम्बर्टियानिन-सी व सँग्विन एच-६ हे मोठे रेणू. परीक्षानळीत हे पदार्थ मुक्त मूलकांना, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंना, जोरात निष्प्रभ करतात, आणि जाहिरातींतले दावे बहुधा याच आकड्यांवर उभे असतात. परंतु परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा अँटिऑक्सिडंट क्षमतेची कोष्टके २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा आरोग्याशी थेट संबंध सिद्ध झालेला नसताना विक्रेते त्यांचा सर्रास वापर करीत होते.

माझ्या मते खरी रंजक गोष्ट पुढे, आतड्यात घडते. एलाजिटॅनिनचे रेणू इतके मोठे असतात की ते जसेच्या तसे रक्तात शोषले जात नाहीत; त्यांच्या विघटनातून एलाजिक आम्ल सुटते आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे युरोलिथिन नावाच्या लहान रेणूंत रूपांतर करतात. मात्र हे जिवाणू सर्वांकडे सारखे नसतात. एकच रस प्यायलेल्या दोघांपैकी एकाच्या लघवीत युरोलिथिन भरपूर सापडते, तर दुसऱ्याच्या लघवीत जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे ‘या फळाचा उपयोग होतो का?’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर देता येत नाही. ते औषध मानून कोणताही चालू उपचार थांबवू नये. फळ म्हणून मात्र ते उत्तम आहे.

प्रश्न : मोराचा रस टिकवण्यासाठी तापवला तर त्याचे गुण जातात का?

उत्तर : काही अंशी जातात. पिकलेली मोरा इतकी नाजूक असते की तोडल्यावर थोड्याच दिवसांत तिच्यावर करडी बुरशी चढते, म्हणून बराचसा माल रस, जॅम किंवा गोठवलेल्या गराच्या रूपात विकला जातो. उष्णतेने अँथोसायनिन विघटित होते आणि लाल रंग तपकिरीकडे झुकतो. यावर उपाय म्हणून रस न तापवता सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून गाळण्याची पद्धत अभ्यासली गेली. पटलाची छिद्रे जिवाणूंपेक्षा बारीक असली की जंतू मागे राहतात आणि बराचसा रंग रसाबरोबर पुढे जातो.

रंग टिकण्यात आंबटपणाचाही मोठा वाटा असतो. बशीतल्या रसाच्या थेंबावर चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहावा, लाल थेंब लगेच निळसर-जांभळा होतो. आम्लता कमी झाली की अँथोसायनिनच्या रेणूची रचनाच बदलते. इक्वाडोरमध्ये २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवसासाठी मोरा, जांभळ्या मक्याचे पीठ, अननस आणि मसाले उकळून ‘कोलादा मोरादा’ हे दाट पेय करतात. उकळूनही ते गडद जांभळे राहते, कारण त्यातील फळे आंबट असतात आणि मक्यातही मुख्यतः तेच सायनिडिन-३-ग्लुकोसाइड असते.